वाढत्या अंगाची सायकल घ्यावी का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. नाशिकला राहतो आम्ही. लेक नऊ वर्षांची, उंची १२८ सेंमी. मामेबहिणीच्या सायकलवर शिकली, आता बऱ्यापैकी चालवते. धाकटा सव्वापाच वर्षांचा, उंची १०६ सेंमी. शेजाऱ्यांनी दिलेल्या जुन्या सायकलवर, आधाराच्या दोन चाकांसकट, दिवसभर खडखडाट करत सोसायटीत फिरतो. ती सायकल आता मोडायला आली आहे. दिवाळीपर्यंत दोघांनाही सायकली घ्यायच्या आहेत. दोघांच्या मिळून पंधरा हजारांत बसवायचंय, फार तर अठरा.

घरात एकमत नाही. सासरे म्हणतात, मुलीला सरळ २६ इंची घेऊन टाका, कॉलेजपर्यंत बघायला नको. नवऱ्याला गिअर आणि डिस्क ब्रेक हवेत (म्हणजे त्यालाच हवेत, लेकीने काही मागितलेलं नाही). धाकट्याला जाडजूड टायरची पाहिजे, कारण समोरच्या इमारतीतल्या मुलाकडे आहे. दोन दुकानं फिरून आले. दुकानदार वय विचारतात आणि एक सायकल पुढे ओढतात, एवढंच. नक्की काय बघून घ्यायची?

चाकोरीबाहेर
वय विचारणारा दुकानदार चुकीचाच प्रश्न विचारतोय. एकाच वयाच्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. उंचीसुद्धा अर्धीच गोष्ट सांगते. खरं माप पायाच्या आतल्या बाजूचं.

मुलाला अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभं करा. दोन पायांमध्ये एक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून वर सरकवा, म्हणजे सीटवर बसल्यासारखं होईल. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. नवशिक्या मुलासाठी सीट सगळ्यात खाली केल्यावर ती या मापापेक्षा उंच नको, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. चालवता येणाऱ्या मुलासाठी सीट या मापाहून पाच-सात सेंमी वर चालते, चवडे टेकले की पुरे. उतरून उभं राहिल्यावर मधली नळी आणि मूल यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं.

ढोबळमानाने ४२ ते ५० सेंमी मापाला १६ इंची, ५० ते ६० ला २० इंची आणि ५८-६० च्या पुढे २४ इंची. पण हे चाकाचे आकडे आहेत. २४ इंचीच्या दोन सायकलींमध्ये सीटची उंची चांगली पाच-सहा सेंमीने वेगळी निघते. त्यामुळे टेप खिशात घालूनच दुकानात जा.

निवृत्त_आजोबा
आमच्या वेळेला कोणी पुस्तक घालून मापं घेतली नव्हती. वडिलांची काळी सायकल, नळीखालून पाय घालायचा, अर्धं पायडल मारत मारत गल्ली पार करायची. गुडघे फुटले, पण शिकलो. सासरेबुवांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. शाळेचा गणवेशसुद्धा आपण वाढत्या अंगाचाच घेतो की. मुलं झपाट्याने वाढतात, दर दोन वर्षांनी नवी सायकल कोणाला परवडते?

चाकोरीबाहेर
काका, मान्य, पण तुम्ही नळीखालून पाय घालत होतात कारण घरात तेवढी एकच सायकल होती. पर्याय असता तर तुम्हीही तसं केलं नसतं.

त्या काळ्या सायकलींमुळे एक गोंधळ आजही घराघरांत आहे, तोही सांगतो. तेव्हा "बावीसची सायकल", "चोवीसची सायकल" म्हणायचे ते फ्रेमच्या उंचीवरून. चाक सगळ्यांचं २८ इंचीच असायचं. आता मुलांच्या सायकलवर लिहिलेला आकडा चाकाचा असतो. त्यामुळे "मी लहानपणी चोवीसची चालवली, नातीला सव्वीस काय जड आहे" या हिशेबात दोन वेगवेगळी मापं एकमेकांत मिसळलेली असतात. गोदाकाठची, सासऱ्यांना हे सांगून बघा.

गणवेश सैल झाला तर दुमडून टाके घालता येतात. सायकल मोठी असली तर ब्रेक दाबायला बोटं पोचत नाहीत, थांबताना पाय टेकत नाहीत, हँडल धरायला मूल पुढे ओणवं होतं. एक-दोनदा आपटलं की सायकल जिन्याखाली जाते. दोन वर्षांनी मापाची होते तेव्हा टायर चिरलेले, चेन गंजलेली. म्हणजे पैसे वाचले कुठे?

फिरकी_पाना
आमचं सांगलीकडं सायकलचं दुकान हाय, वडलांपास्नं. वर लिहिलंय ते बरोबर. मी फक्त दुकानातली गोष्ट सांगतो.

गिऱ्हाईक बघतं रंग, शॉकॲबसॉर्बर, डिस्क आणि जाड टायर. उचलून कोणी बघत नाही. लोखंडी १६ इंची सायकल, बाजूची चाकं, कॅरिअर, बास्केट, सगळं धरून दहा-अकरा किलो सहज भरते. सव्वापाच वर्षांचं पोरगं असतं सतरा-अठरा किलोचं. आता तुम्ही हिशेब करा, पासष्ट किलोच्या माणसाला चाळीस किलोची सायकल दिली तर तो चढावर काय करेल? सायकल मुलाच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आत असावी असं म्हणतात. आपल्याकडच्या स्वस्त सायकलीत तेवढं जमत नाही, पण त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जावा. दुकानात वजनकाटा मागा. नसंल तर दोन सायकली दोन हातांनी उचला, फरक लगेच कळतो.

त्या स्वस्त सायकलींतला पुढचा शॉकॲबसॉर्बर म्हणजे आत एक स्प्रिंग असते, बास. वीस किलोच्या पोरानं ती दबतच नाही. वजन मात्र किलोभर वाढतं. जाड टायरचं तर बोलूच नका. पोरगं चार दिवस मिरवतं, मग चढ आला की आईला ढकलायला लावतं.

डिस्क ब्रेक स्वस्तातले वायरवर चालणारे असतात. सायकल एकदा आडवी पडली की चकती जराशी वाकते आणि घासत राहते. त्यापेक्षा रिमला दोन बाजूंनी धरणारे व्ही ब्रेक बरे. वायर ओढली की झालं, गल्लीतला कोणीपण दुरुस्त करतो.

उन्हातली_सावली
फिरकीदादा, अगदी पटलं. ब्रेकबद्दल माझी भर: लिव्हर मुलांच्या बोटांना पोचतं का ते मुलालाच दाबायला लावून बघायचं. बऱ्याच लिव्हरांना मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतं. हे दुकानात बहुधा कोणी सांगत नाही. आणि मूल दोन बोटांनी दाबून चाक थांबवू शकलं पाहिजे. आपण मोठ्यांनी दाबून "हो हो, लागतोय" म्हणणं काही कामाचं नाही.

ऱ्हाइनकाठी
मी जर्मनीत असते, दोन मुलं इथेच सायकल शिकली. इथे आठ वर्षांखालच्या मुलांनी रस्त्यावरून सायकल न्यायचीच नाही, पदपथावरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या सायकलमार्गावरूनच जायचं, असा नियम आहे. दहा वर्षांपर्यंत पदपथ चालतो. चौथीत शाळा आणि पोलीस मिळून सायकलची परीक्षा घेतात. लेखीही आणि प्रत्यक्ष चालवूनही. हात दाखवून वळणं, डावीकडे वळताना मागे बघणं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणं (इथे वाहतूक उजवीकडून चालते). वर्गात त्याचं केवढं प्रस्थ असतं!

सांगायचा मुद्दा वेगळाच. इथे आधाराची चाकं जवळपास दिसतच नाहीत. दोन-अडीच वर्षांची पोरं बिनपायडलची सायकल पायांनी रेटत पळत असतात. मग चौथ्या वर्षी पायडलवाली दिली की एका दुपारी चालवायला लागतात. आणि ही काही नवी टूम नाही. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ साली मानहाइममध्ये जे दुचाकी यंत्र चालवून दाखवलं त्यालाही पायडल नव्हतंच, पायांनीच रेटायचं.

आधाराच्या चाकांचा त्रास असा की सायकल झुकतच नाही. तोल सांभाळायचा म्हणजे ज्या बाजूला झुकतोय तिकडे हँडल किंचित वळवायचं, हेच तर शिकायचं असतं. चार चाकांवर ते शिकायला मिळत नाही. उलट वळणावर बाहेरच्या बाजूला कलायची सवय लागते आणि ती नंतर मोडावी लागते.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार! मापं घेतली. लेकीचं ५९, धाकट्याचं ४६. म्हणजे धाकट्याला १६ इंची नक्की. लेक नेमकी २० आणि २४ च्या मध्ये येते, काय करू?

ऱ्हाइनकाठी, धाकटा आता सव्वापाचचा, त्याच्यासाठी वेगळी बिनपायडलची घ्यायची वेळ गेली ना?

ऱ्हाइनकाठी
वेगळी नकोच. आहे त्याच सायकलची पायडलं काढा आणि सीट पूर्ण खाली आणा. झाली बिनपायडलची.

फिरकी_पाना
पायडल काढताना एक ध्यानात ठेवा, नाहीतर आटे खराब होतील. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट फिरवून निघतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं. पंधरा नंबरचा पाना बहुतेकांना बसतो. परत लावताना आधी हातानं दोन-तीन वेढे द्या, सरळ बसलं तरच पाना लावा. डाव्या-उजव्याची अदलाबदल केली तर क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, आटे जातात, मग क्रँकच बदलायला लागतो.

आणि बाजूची चाकं काढल्यावर तो मागच्या एक्सलचा नट परत घट्ट करा. तेवढंच विसरतात लोक.

मालवणी_खाजा
गिअरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे येऊन बघा. घरातून बाहेर पडलं की घाटी, शाळेत जायला चढ, परत यायला चढ (कसा काय ते विचारू नका, कोकणात असंच असतं). नवव्या-दहाव्या वर्षी मुलगी रोज सायकल नेणार असेल आणि वाटेत चढ असेल तर मागच्या चाकाला सहा-सात गिअर असलेली हवीच. पुढे मात्र एकच चक्र ठेवा. "एकवीस गिअर" म्हणजे तीन गुणिले सात. त्यातले निम्मे एकमेकांसारखेच असतात, आणि मूल दोन्ही हातांनी खटके बदलत बसतं, चेन उतरते.

खाऱ्या हवेत चेनला तेल लागतं ते वेगळंच. सपाट गावात असाल तर बिनगिअरची घ्या आणि सुखाने राहा.

चाकोरीबाहेर
खाजा बरोबर बोलतोय. नाशिकमध्ये सोसायटीत आणि आसपास फिरवायची असेल तर बिनगिअरची पुरे. पाथर्डी फाट्याकडून रोज शाळेला जायचं असं काही असेल तर वेगळा विचार करा. गिअरवाल्या सायकलचा एक नाजूक भाग म्हणजे मागे लटकलेला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो तो). उजव्या अंगावर सायकल पडली की त्याचा आधार वाकतो, गिअर बिघडतो, आणि वाकलेला डिरेलर आऱ्यांत अडकला तर मागचं चाकच जाम होतं. मुलं सायकल स्टँडवर लावत नाहीत, टाकून देतात, हे लक्षात घ्या.

५९ सेंमीबद्दल. लेकीला चालवता येते, त्यामुळे २४ इंचीतली कमी उंचीची फ्रेम बघा. सीट सगळ्यात खाली केल्यावर ६२-६३ सेंमीपर्यंत येत असेल तर हरकत नाही, चवडे टेकतील. त्याहून वर असेल तर २० इंची. दोन्हींवर बसवा, मैदानात किंवा दुकानासमोर एक फेरी मारू द्या. हँडल वळवताना गुडघ्याला लागतं का आणि बाहेरच्या बाजूचा हात पूर्ण ताणला जातो का, तेवढं बघा. डिकॅथलॉनसारख्या दुकानात फेरी मारू देतात. गावातला दुकानदार "नवी सायकल आहे, रस्त्यावर नेऊ नका" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

२६ इंचीचा विषय इथेच सोडा. ५९ सेंमीला ती चालणार नाही.

परभणीचे_मास्तर
गावाकडची बाजू मांडतो. आमच्या शाळेत मुली तीन-चार किलोमीटरवरून सायकलीने येतात. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्या लेडीज सायकली साध्याच असतात. बिनगिअरच्या, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं असलेल्या. शहरातल्या मुलांना त्या जुनाट वाटतील, पण रोजच्या वापरात त्यांना तोड नाही. पावसात पाठीवर चिखल उडत नाही, सलवार चेनमध्ये अडकत नाही, दप्तर कॅरिअरला बांधता येतं.

दुकानात "स्पोर्टी" म्हणून मडगार्ड नसलेल्या सायकली देतात आणि मग तीनशे रुपये वेगळे घेऊन प्लास्टिकचं मडगार्ड लावतात. मुलगी शाळेला नेणार असेल तर हे सगळं आधीच लावलेली घ्या. आणि खाली वाकलेल्या नळीची फ्रेम मुलांनाही चांगलीच. चढता-उतरता पाय वर टाकावा लागत नाही, घाबरून उडी मारायची वेळ आली तर नळी लागत नाही. "ही मुलींची आहे" असं मुलाला कोणीतरी सांगतं म्हणूनच ते नको म्हणतं.

उन्हातली_सावली
मास्तर, +१. आणि म्हणूनच गोदाकाठची, लेकीची सायकल गुलाबी, परीबिरीची घेऊ नका. निळी, हिरवी, काळी घ्या. तीच पुढे धाकट्याकडे जाणार आहे. घरात दोन मुलं असली की मापाची सायकल महाग पडत नाही, कारण प्रत्येक सायकल दोनदा वापरली जाते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात तर एक १६ इंची सायकल गेली काही वर्षं घराघरांतून फिरते आहे. मूळ मालक आता बारावीला आहे!

१६ इंची तर जुनीच घ्या. मुलं ती जेमतेम दीड-दोन वर्षं वापरतात. जुनी घेताना चाक उचलून फिरवायचं आणि रिम डावी-उजवीकडे डुलते का बघायचं. टायरच्या कडांना भेगा आहेत का, हँडल वळवताना आत खरखर लागते का, क्रँक धरून आडवा हलवला तर खेळ येतो का. टायर-ट्यूब-ब्रेकची रबरं बदलून घेतली तरी नव्याच्या निम्म्यात काम होतं. वाचलेल्या पैशात हेल्मेट. डोक्याचा घेर कपाळावरून सेंमीमध्ये मोजायचा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे कललेलं नको. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतपतच जागा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. म्हणून हेल्मेट तेवढं जुनं घेऊ नका.

निवृत्त_आजोबा
हेल्मेट आम्ही... जाऊ दे, नाही लिहीत. 🙂
कंपनी कुठली घ्यावी ते कोणी सांगितलं नाही.

चाकोरीबाहेर
काका, मुलांच्या सायकलीत मी कंपनीला फार महत्त्व देत नाही. हीरो, एव्हॉन लुधियानाचे. बीएसए आणि हर्क्युलिस चेन्नईच्या टीआय सायकल्सचे. फायरफॉक्स २०१५ पासून हीरो सायकल्सकडेच आहे. प्रत्येकाकडे बऱ्या आणि वाईट अशा दोन्ही सायकली मिळतात. आपल्या गावात जिचे ब्रेक-ट्यूब-टायर मिळतात ती घ्यावी. अनोळखी नावाच्या, फक्त ऑनलाइन मिळणाऱ्या सायकलींना विचित्र मापाचे टायर असले तर ट्यूबसाठी वणवण होते.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना माल जुन्या स्टिकरवर विकायला ठेवला असेल तर बिलावर किती टक्के लावलेत ते बघा.

फिरकी_पाना
ऑनलाइनवाल्यांसाठी एक. खोक्यातून सायकल ८५ टक्के जोडलेली येते, बाकी घरी जोडा म्हणतात. महिन्याला एक तरी गिऱ्हाईक पुढचा फोर्क (चाक धरणारा दुबेळका) उलटा लावून माझ्याकडं येतं. पुढचा ब्रेक चाकाच्या मागं, नळीच्या बाजूला दिसला तर समजा फोर्क उलटा फिरलाय. चालवायला सायकल लडखडते आणि पोराचा पाय चाकाला लागतो. असली जोडलेली सायकल चालवायला देऊ नका. दोनशे-तीनशे रुपये देऊन मिस्त्रीकडून बसवून घ्या.

नवी सायकल घेतल्यावर महिनाभरानं परत दुकानात न्या. नवे आरे सैल पडतात, ब्रेकच्या वायरी ताणतात. चाकाचा आउट काढून (म्हणजे डुलणारं चाक सरळ करून), वायरी ओढून, नटबोल्ट कसून घ्या. आमच्यासारखे बरेच जण पहिल्या वेळी फुकट करतात, विचारायचं.

गोदाकाठची
शनिवारी जाऊन आलो. लेकीला २४ इंचीत एक कमी उंचीची मिळाली, सीट खाली केल्यावर टेपने ६२ भरली. हिरवी, बिनगिअरची, मडगार्डसकट, साडेसहा हजार. सासऱ्यांनी स्वतः दोन्ही हातांनी उचलून वजनं पाहिली, आणि जाड टायरवाली उचलल्यावर "ही कोणी घ्यायची?" असं दुकानदारालाच विचारलं. धाकट्यासाठी मैत्रिणीकडची जुनी १६ इंची आणली आहे. पायडलं काढून ठेवलीत (डावं घड्याळाच्या दिशेने!). तो रुसलाय, म्हणतो ही अर्धी सायकल आहे. रेटतो मात्र जोरात.

एक राहिलं. टायरमध्ये हवा किती भरायची? पेट्रोल पंपावर भरू का?

मालवणी_खाजा
टायरच्या बाजूला पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त किती ते. मुलांचं वजन कमी, त्यामुळे त्या आकड्याच्या थोडं खालीच ठेवा. नाहीतर खड्ड्यांत हाडं खिळखिळी होतात.

फिरकी_पाना
आधी व्हॉल्व्ह बघा. मोटरसायकलसारखा जाड असंल तर पंपावर भरता येते. बारीक, आत रबरी नळी असलेला साधा सायकलचा असंल तर पंपावरचं नोझल त्याला बसत नाही, पायपंपच लागतो. आणि पंपावर भरलीत तरी नोझल धरून उभं राहू नका. सोळा इंची ट्यूबेत हवा मावते किती? दोन सेकंदांत फुटते. थोडी भरा, अंगठ्यानं दाबून बघा, परत थोडी.

ऱ्हाइनकाठी
अजून एक विचारते, कारण उन्हाळ्यात मुलांना घेऊन पुण्याला येणार आहोत आणि भावाच्या मुलांच्या सायकली चालवतील. इथे पुढचा ब्रेक डाव्या हातात असतो. तिकडे उजव्या हातात ना अजून?

फिरकी_पाना
हो, आपल्याकडं उजव्या हातात पुढचा. पोरांना पहिल्या दिवशी सपाट जागेवर हळू चालवून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबायला लावा. उतारावर सोडू नका लगेच. पाहिजे तर मिस्त्रीला सांगून वायरी अदलाबदल करून घेता येतात, अर्ध्या तासाचं काम. पण मग भावाची पोरं तेवढे दिवस ती सायकल घेणार नाहीत असं बघा.